तांब्याची झारी आणि बार्शीचं पाणी

मी लंडनच्या विमानासाठी घरातून निघाले त्या दिवशी बार्शीत आमच्या गल्लीला पाणी आलं, म्हणून आई मला स्टँडवर सोडायला आली नाही.

ही तक्रार नाही. ज्यांनी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात दिवस काढलेत त्यांना यात काही वावगं वाटणारही नाही. लेक लग्न करून सातासमुद्रापार निघालीय हे खरं, पण नळ कुणासाठी थांबत नाही. आईनं पदर खोचलेला, एका हातात हिरवा पाइप, दुसऱ्या हातात दह्याची वाटी. पाइप काखेत धरून तिनं माझ्या तळहातावर दही घातलं. मी ते खाल्लं आणि वाकायला गेले तर म्हणाली, "राहू दे, साडी भिजेल. पोचलीस की फोन कर. आणि निघ आता, वरची टाकी भरायचीय." बाबा रिक्षात बॅगा घेऊन बसले होते. रिक्षा वळताना मी मागं पाहिलं तर ती पाइप ओढत जिन्याकडे निघाली होती, पाठमोरी. रडू यायला हवं तिथं मला राग आला, आणि त्या रागात मुंबईपर्यंतचा प्रवास कसा झाला ते कळलंसुद्धा नाही.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना सुरुवातीचे दिवस वेगळे सांगायला नकोत. आम्ही आधी मिल्टन कीन्सला होतो. माझ्या नवऱ्याचं, मिलिंदचं, ऑफिस तिथं होतं आणि माझ्या वाट्याला राउंडअबाउट्स होती, म्हणजे रस्त्यांवरची गोल वळणं. एकासारखं एक, घरी जायला निघावं आणि पुन्हा त्याच दुकानापाशी यावं. घरात नळाला दिवसरात्र पाणी होतं, तरी झोपण्याआधी मी सगळ्या बाटल्या आणि दोन पातेली भरून ठेवायचे. मिलिंद पुण्याचा. तो हसायचा. मी म्हणायचे, हसा, उद्या पाणी गेलं तर मागू नका. इतक्या वर्षांत पाणी एकदाच गेलं, अर्धा दिवस, आणि तो अर्धा दिवस मी किती मिरवलं ते तोच सांगू शकेल.

सई झाल्यावर आम्ही तिथून पाऊण तासावरच्या एका गावात घर घेतलं. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, ते इंग्रजांनाही माहीत नसतं. एक हाय स्ट्रीट, एक नदी, तीन पब आणि गावाच्या मानानं फारच मोठं चर्च. मराठी बोलणारं कुणी नाही. मेथीची जुडी हवी तर लेस्टरला, बेलग्रेव्ह रोडला जायचं. बार्शीला फोन केला की बाबा विचारायचे, "तिथं आपलं कोण आहे गं?" मी म्हणायचे, आहेत की, पुष्कळ. नव्हतं कुणीच.

मग म्युझियम सापडलं, तेही सईला टॉयलेटला जायचं होतं म्हणून. हाय स्ट्रीटच्या टोकाला एक जुनं चॅपल आहे. बाहेर पाटी होती की आत ऑटोमन तुर्कांच्या काळातल्या घरगुती वस्तूंचं संग्रहालय आहे, प्रवेश मोफत, टॉयलेट आहे. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी वाचून आम्ही आत घुसलो. बाहेर यायला मात्र दुपार झाली.

आत काय होतं म्हणाल तर आपल्या माळ्यावरचं सामान. जमिनीवर बसून सगळ्यांनी एकत्र जेवायचं भलंमोठं तांब्याचं ताट, ते ठेवायला बुटकी तिवई. शिंपल्याची नक्षी केलेल्या लाकडी खडावा, न्हाणीघरात घालायच्या. नवरीची पेटी, कडेला भरतकाम केलेले पंचे, कॉफीची लांब दांड्याची भांडी. आणि मधल्या काचेच्या कपाटात एक तांब्याची झारी नि तिच्याखाली पाणी झेलायचं तिचं तस्त. जेवणाआधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायची. सायप्रसमधल्या कुठल्या तरी घरात ही झारी घेऊन कुणी पाहुण्यांपुढे उभं राहत असेल, तेव्हा त्या बेटावर सुलतानाचं राज्य होतं. झारी काळीठिक्कर पडलेली होती, तरी माझे पाय तिथंच थांबले.

इंग्लंडातल्या या गावात हे सामान कसं आलं? याची मालकीण एमिने. तिचे तुर्की वडील सायप्रसहून आले आणि इथं त्यांनी फिश अँड चिप्सचं दुकान टाकलं. लंडनमधल्या त्यांच्या नात्यातली म्हातारी माणसं एकेक करून गेली, आणि मुलं घरं रिकामी करताना जुनं सामान टाकून द्यायला लागली. हे दर वेळी दुकानाची व्हॅन घेऊन जायचे आणि ते उचलून आणायचे. आधी दुकानाचं मागचं खोपटं भरलं, मग घर भरलं, मग बायकोच्या संयमाचा घडा भरला. शेवटी गावानं रिकामं पडलेलं चॅपल दिलं. आता वडील नाहीत. सगळ्या वस्तू एमिनेच्या मालकीच्या, म्युझियमला उसन्या दिलेल्या. ती पंचाहत्तरीच्या पुढची, ताठ, लिपस्टिकशिवाय घराबाहेर न पडणारी. आणि म्युझियम चालवतो ग्रॅहम, भूगोलाचा निवृत्त मास्तर. क्युरेटर तोच, कुलूप लावणारा तोच, चहा करणाराही तोच.

दर शनिवारी मी तिथं व्हॉलंटियर म्हणून जायला लागले. का, ते सांगते. या देशात मला भेटलेला प्रत्येक माणूस आधी विचारायचा, तुम्ही मूळच्या कुठल्या. ग्रॅहमनं दुसऱ्या शनिवारी मला विचारलं, "अंजली, मागच्या दाराची किल्ली कुठं ठेवलीस?" किल्लीची चौकशी आपल्याच माणसाकडे करतात. त्या दिवशी मी घरी शिट्टी वाजवत आले. हा शब्दशः खरा प्रसंग आहे, मला शिट्टी येते.

वर्षं गेली. सई लेस्टरला युनिव्हर्सिटीत गेली. आणि मागच्या वर्षी बाबा गेले.

आईला मी सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर घेऊन आले. कायमचं आणायचं तर इथले नियम होऊ देत नाहीत, आणि ती यायचीही नाही. माझा हिशोब साधा होता. तिनं दर उन्हाळ्यात यावं, सहा महिने इथं, सहा महिने बार्शीत. नाहीतर माझ्या वाट्याला वर्षातून दोन आठवड्यांची आई उरणार, त्यातला एक आठवडा तिच्या दवाखान्यात आणि बँकेत. मला तेवढी पुरणार नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही, पण ते सहा महिने मी एखाद्या हॉटेलवाल्यासारखी वागत होते, की गिऱ्हाईक परत आलं पाहिजे.

गिऱ्हाईक खूश नव्हतं. घर छान, हवा छान, सगळं छान, आणि ती खिडकीपाशी बसून. डिशवॉशरनं धुतलेली भांडी ती पुन्हा घासायची आणि मग हात पुसून विचारायची, "आता?" आता काही नाही, असं मला सांगावं लागायचं. रोज दुपारी ती मावशीला फोन करायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "आलेय खरी. आता हे पहिलं आणि शेवटचं. लेकीचं घर बघून झालं. इथं मला काम नाही गं." आईनं गावाला नावं ठेवली असती तर मी भांडले असते. पण काम नाही, हे खरंच होतं.

तिला म्युझियमला नेलं तेव्हा मला वाटलं होतं, ती हरखून जाईल. तिनं हात मागं बांधून एक चक्कर मारली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यात बघायचं काय? आणि इतकी कळकट का ठेवलीत? कुणी बाई नाही का इथं?" मी सांगितलं की म्युझियममध्ये जुनेपण जपतात, तांब्यावरचा तो काळपट थरसुद्धा इतिहासच असतो. ती "हं" म्हणाली. हा "हं" मला लहानपणापासून ठाऊक आहे. ऐकलं, पण पटलं नाही, असा त्याचा अर्थ.

सप्टेंबरात म्युझियमचा ओपन डे असतो. त्याच्या आधीच्या शनिवारी साफसफाई होती. ग्रॅहमनं वस्तू कपाटातून काढून वरच्या खोलीतल्या टेबलावर मांडल्या होत्या. मऊ ब्रशनं धूळ झटकायची, बाकी काही करायचं नाही, हे तो दर वर्षी सांगतो. मी आईला सोबत नेलं होतं, कारण सलग सहा तास तिला खिडकीपाशी सोडणं माझ्या जिवावर आलं होतं. "आज काय आहे?" तिनं वाटेत विचारलं. मी म्हणाले, "साफसफाई. पुढच्या आठवड्यात पाहुणे येणारेत."

आता विचार करा. सोलापूर जिल्ह्यात उभा जन्म गेलेल्या बाईला तुम्ही सांगता की पाहुणे येणारेत आणि साफसफाई आहे. मग तिला तांब्याच्या काळ्या भांड्यांसमोर बसवता. शेजारच्या पँट्रीत चहाबरोबर द्यायची लिंबं आहेत, मीठ आहे, सिंक आहे. आणि मग तुम्ही पताका कुठं लावायच्या या चर्चेसाठी तासभर खाली जाता.

वर आले तेव्हा झारी टेबलावर उन्हात होती. लालबुंद, लखलखीत, नवरीसारखी. शेजारी तस्तही तसंच. आईच्या बाह्या वर सरकवलेल्या, पुढ्यात लिंबाच्या पिळलेल्या फोडींचा ढीग, आणि चेहऱ्यावर बाबा गेल्यापासून मी न पाहिलेलं समाधान. कॉफीचं भांडं ती आता घ्यायच्या बेतात होती. "चिंच असती तर अजून उजळलं असतं," ती म्हणाली. "आतली कल्हई मात्र उडालीय, बघ."

माझ्या मागोमाग ग्रॅहम आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि आईच्या समोरची खुर्ची ओढून हळूच बसला. मग मला एवढंच म्हणाला की तो थर आता कधीच परत येणार नाही, आणि एमिनेला आजच सांगायला हवं. तिनं वस्तू परत मागितल्या तर तो तिचा हक्क आहे. वस्तू गेल्या की म्युझियम उरत नाही, उरतं रिकामं चॅपल. तो बरोबर बोलत होता. मला त्याच्याकडे बघवेना आणि आईकडेही.

आईला मी मराठीत सांगितलं. मग तिनं बाह्या खाली केल्या, लिंबाच्या फोडी गोळा करून डब्यात टाकल्या आणि म्हणाली, "मला बार्शीचं तिकीट लवकरचं काढून दे. इथं माझा काही उपयोग नाही, उलट अडचणच." आवाज चढवला नाही तिनं. म्युझियम जाणार ही भीती होतीच, पण त्या क्षणी मला कळलं की आई आता परत येत नाही.

एमिने संध्याकाळी आली. लिपस्टिक, कोट, हातात काठी. ग्रॅहमनं सांगायला सुरुवात केली, पण ती थेट टेबलापाशी गेली. झारी उचलून खिडकीपाशी नेली, फिरवून पाहिली, आत डोकावली. मग तिनं मागं न वळताच सांगितलं की ही कुणा नातलगाची नव्हे, त्यांच्या घरचीच, आणि तिची आई प्रत्येक ईदच्या आदल्या दिवशी ही झारी लिंबू आणि मिठानं घासायची. आई गेल्यावर वडिलांनी कुणाला हात लावू दिला नाही. "हा काळा रंग सुलतानाच्या काळातला नव्हता, ग्रॅहम," ती म्हणाली. "आई गेल्यापासूनचा होता."

मी ते आईला सांगितलं. आईनं काय करावं? तिनं झारीच्या आत बोट दाखवलं आणि सांगितलं, "कल्हई करायला पाहिजे." एमिने दचकून म्हणाली, "कलाय?" तिच्या भाषेतही जवळजवळ तोच शब्द. मग पुढचा अर्धा तास त्या दोघी काय बोलल्या कोण जाणे. एक मराठीत, एक तुर्कीमिश्रित इंग्लिशमध्ये, आणि दोघींच्या मध्ये झारी. मी भाषांतर करायला पुढं झाले तर आईनं हातानंच मला बाजूला सारलं.

ग्रॅहम बिचारा एका कोपऱ्यात उभा होता. एमिनेनं त्याचीही बाजू घेतली. बाकी कशाला हात लावायचा नाही, काळं ते काळंच राहू दे, त्यातही तिचे वडील आहेत, असं तिनं सांगितलं. पण झारी आणि तस्त परत काचेत जाणार नाही. ग्रॅहमनं थोडा विचार केला आणि मास्तरांना साजेसा मार्ग काढला. म्युझियममध्ये काही वस्तू लोकांनी हाताळायच्या म्हणून वेगळ्या ठेवतात. झारी आणि तस्त त्यांत गेलं. लेबलवर त्यानं लिहिलं की हे सायप्रसमध्ये आणि या गावात, दोन्हीकडे घासलेलं आहे.

ओपन डेला दारात आई उभी होती, नारायणपेठ नेसून, हातात झारी. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ती पाणी घालत होती आणि एमिने भरतकामाचा पंचा पुढं करत होती. चर्चचे व्हिकर आले, लायब्ररीतल्या बायका आल्या, पबवाला दोनदा रांगेत लागला. आईची धार दोऱ्याएवढी. बार्शीचा हात. एका माणसानं आणखी पाण्यासाठी हात तसेच पुढं धरले तर तिनं झारी सरळ केली आणि पुढच्याकडे वळली. एमिने हसून हसून बेजार. सई त्या दिवशी लेस्टरहून आली होती. ती मला म्हणाली, "मम्मा, आजी किती छान दिसतोय ना? एकदम बॉस." मी तिचं मराठी दुरुस्त केलं नाही.

त्या रात्री आईनं मावशीला फोन केला तो मी मुद्दाम ऐकला. झारीचं सगळं तिनं सांगितलं, चिंच नव्हती हेही सांगितलं. परत येण्याबद्दल अवाक्षर नाही. ना हो, ना नाही. विचारायचा मला धीर झाला नाही.

ऑक्टोबरात तिच्या निघायच्या आदल्या दिवशी आमचा बॉयलर बंद पडला. थंडी सुरू झालेली, गरम पाणी नाही. दुरुस्तीवाल्यानं स्लॉट दिला तो नेमका दुसऱ्या दिवशीचा, सकाळी आठ ते दुपारी एक. हा चुकला तर पुढचा तीन आठवड्यांनी. जे इथं राहतात त्यांना माहीत आहे, हा स्लॉट सोडत नाहीत, जग इकडचं तिकडे झालं तरी. कुणीतरी घरी थांबायला हवं होतं. मिलिंदच हीथ्रोला गाडी नेणार होता, कारण मी मोटरवेवर चालवत नाही. उरले मी.

मी कशीबशी आईला सांगितलं की मला विमानतळावर येता येणार नाही. डोळे भरले होते माझे. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाली, "मग? बॉयलर महत्त्वाचा. घर म्हटलं की असं व्हायचंच."

सकाळी दारात उभी राहून मी तिच्या तळहातावर दही घातलं. इतकी वर्षं दही खायला मी असायचे. घालणारी पहिल्यांदाच झाले. तेव्हा मला तो हिरवा पाइप आणि जिन्याकडे वळलेली पाठ आठवली, आणि इतक्या वर्षांचा राग कुठल्या कुठे गेला. तिथं आपलं कोण आहे, असं बाबा विचारायचे. आज ते असते तर मी म्हणाले असते, हे घर आहे बाबा. ज्या जागेची कामं मला दारातून हलू देत नाहीत, ती माझी आहे. आई पाणी भरत होती म्हणून मला मागं वळून बघायला घर राहिलं होतं.

एवढ्यात काठी टेकत एमिने आली, कोटाआड झारी धरून. ग्रॅहमनं दोन ठिकाणी सही घेऊन ती बाहेर नेऊ दिली होती. तिच्या आईवडिलांच्या गावात माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या मागं वाटेवर पाणी ओततात, पाण्यासारखा सरळ जावा आणि तसाच परत यावा म्हणून. आईला हे आधी कुणी सांगितलेलं नव्हतं. ओट्यावर बरणीत तिनं चिंचेचा मोठा गोळा ठेवलेला मला सकाळीच दिसला होता, बेलग्रेव्ह रोडचा. पण तो उरलेला म्हणून ठेवलाय की कशासाठी, ते ती बोलली नव्हती.

गाडी निघाली. एमिनेनं झारी उलटी केली आणि भडाभडा सगळं पाणी रस्त्यावर ओतलं. गाडी कोपऱ्यावर जाऊन थांबली. खिडकीची काच खाली आली आणि आईचं डोकं बाहेर आलं.

"अंजू, तिला सांग," ती तिथून म्हणाली, "पुढच्या वेळी अर्धी झारी पुरे."

मी एमिनेला ते सांगितलं. मग बॉयलरवाल्याची व्हॅन वळताना दिसली आणि मी डोळे पुसून त्याला दार उघडायला आत गेले.